ओव्हाळबाईंची छिन्नी

ओव्हाळबाई पहिल्यांदा माझ्या शेडमध्ये आल्या तेव्हा त्यांनी माझा तयार माल मोडला. नोकरी मागायला आलेल्या बाईनं असं करायचं नसतं, पण त्यांची पद्धत ती होती.

निघोज्यात माझी पत्र्याच्या कामाची शेड आहे. आजूबाजूच्या कारखान्यांना लागणाऱ्या इलेक्ट्रिक पॅनेलच्या पेट्या, मशीनची झाकणं, असलं काम. त्या दिवशी पेट्या टेम्पोत चढायच्या होत्या आणि मी फोनवर होते. फोन ठेवून वळले तर साडीवर राखाडी कोट घातलेली, बुटकी, पन्नाशीची एक बाई एका पेटीसमोर उकिडवी बसलेली. तिनं पिशवीतून छिन्नी काढली, वेल्डिंगच्या एका जोडाच्या अगदी शेजारी दोन पत्र्यांच्या मध्ये घातली आणि हातोडीचा एक टोला दिला. टक् करून जोड सुटला. मग दुसरा. मग तिसरा.

"अहो, हे काय करताय?"

"तीन बघितले, तीन सुटले," वर न बघता त्या म्हणाल्या. "वरून गोड दिसतात, आत धरलेलंच नाही. पाठवू नका."

मी त्यांना हाकलायला हवं होतं. पण आधी पेटीत डोकं घालून बघितलं. चांगला जोड सुटताना पत्र्याचा तुकडा बरोबर फाडून नेतो. इथं नुसता गुळगुळीत डाग होता. टेम्पो रिकामा परत गेला आणि ओव्हाळबाई सोमवारपासून कामावर आल्या.

त्याआधी एकोणीस वर्षं त्या एका मोटारीच्या कंपनीत होत्या. तिथलं त्यांचं काम ऐकलं की लोक हसायचे. लाईनवरून अधूनमधून एक नवा कोरा सांगाडा बाजूला काढायचा, अजून रंगसुद्धा न लागलेला, आणि छिन्नी-हातोडीनं त्याचा एकेक जोड तोडून बघायचा. जोड पक्का निघाला तरी सांगाडा भंगारातच. "सगळी कंपनी गाड्या बनवायची, मी फाडायचे," असं त्या सांगत. पुढे जोड न तोडता तपासणारं यंत्र आलं आणि बाईंना निरोप मिळाला. निरोपाच्या कार्यक्रमात दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी घरी गेल्या गेल्या मागून उघडून बघितलं होतं. चांगलं निघालं, असं त्यांनी मला मुद्दाम सांगितलं.

"आधी तोडून बघू" हे त्यांचं वाक्य. ते पत्र्यापुरतं नव्हतं. एकदा पिंपरीच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर पर्स घ्यायला गेले. त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी असा ओढला की दुकानदार गल्ल्यावरून उठून आला. "ताई, घ्यायची नसेल तर राहू द्या, पण मारू नका तिला." बाईंनी दुसऱ्या पर्सचा पट्टा ओढला, मग तिसरीचा, आणि चौथी घेतली. ती पर्स मी आजही वापरते.

त्यांच्या मुलीनं लग्नासाठी एक मुलगा आवडल्याचं सांगितलं. मुलगी आयटीत, मारुंजीत राहणारी, मुलगाही तसाच. तो पहिल्यांदा रहाटणीच्या घरी आला तेव्हा बाईंनी त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि बंद पडलेला पंखा दाखवला. मुलगा दोन तास स्टुलावर उभा होता. पंखा काही फिरला नाही.

"मग?" मी विचारलं.

"चिडला नाही. धरून राहिला," बाई म्हणाल्या. "हो म्हटलं."

पर्समध्ये नव्हे, कोटाच्या खिशात त्यांचा एक गुलाबी प्लास्टिकचा कंगवा असे. केसांना तो कधी लागला नाही. दार आणि चौकट यांच्यातली फट सगळीकडे सारखी आहे का, ते त्या कंगवा फिरवून बघत. माझ्या पेट्यांच्या दारांना तोच कंगवा. नापास झालेला माल बाजूला काढताना त्यावर लाल पुठ्ठ्याचा टॅग तारेनं बांधायचा, ही कंपनीतली रीतही त्यांनीच माझ्याकडे आणली. टॅगवर तीन ओळी: दोष काय, कशामुळे, कुणामुळे. ज्यानं बांधला त्यानंच तो काढायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सुरुवातीला तिसऱ्या ओळीवरून शेडमध्ये दोन भांडणं झाली. मग सवय झाली.

एक गोष्ट मात्र त्या क्वचितच बोलायच्या. एकदा डबा खाताना म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत माझ्या हातानं एक जोड लागला नाही, मॅडम. लाखभर तोडले असतील. लावला एकही नाही." एवढं बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. पुढे विषय नाही.

मग डॉक्टर कडूसकरांची गाडी आली.

डॉक्टर राजगुरुनगरचे, सत्तरी उलटलेले, काठी घेऊन चालणारे. त्यांच्या दवाखान्यामागे ताडपत्रीखाली एक जुनी विलायती गाडी कित्येक वर्षं पडून होती. दोन माणसांची, बिनछपराची, इतकी बुटकी की उभ्या माणसाच्या कमरेला लागावी. इंजिन आणि ब्रेक त्यांनी एका मेकॅनिककडून करून घेतले होते. गाडी चालत होती, फक्त तिच्यात बसता येत नव्हतं. तळ कुजला होता. दोन गॅरेजांनी हात वर केले होते. गाड्या उघडून सुटे भाग विकणारा एक माणूस मात्र तिच्यावर टपला होता.

"दसऱ्याला ही माझ्या दारात पूजेला उभी राहिली तर राहिली," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर दुसऱ्या दिवशी तो ट्रक घेऊन येतोय. मी त्याला शब्द दिलाय. आता ताडपत्री बदलायचा कंटाळा आला."

ओव्हाळबाई टॉर्च घेऊन गाडीखाली सरकल्या. स्क्रूड्रायव्हरनं तळाला टोचलं तर तो मुठीपर्यंत आत गेला. मग त्यांनी वरून खरवडायला सुरुवात केली. आधी डांबर निघालं. डांबराखाली रिबिट मारलेला पत्रा. त्याखाली खाद्यतेलाचा डबा उलगडून ठोकलेला, त्यावरचं सूर्यफूल अजून पिवळं. त्याखाली काहीच नव्हतं. शेडचा कोबा दिसत होता.

डॉक्टर बराच वेळ त्या सूर्यफुलाकडे बघत राहिले. "म्हणजे मी बायकोला महाबळेश्वरला घेऊन गेलो ते ह्यावर बसवून."

माझ्याकडचे वेल्डर दत्ताभाऊ येळवंडे निघोज्याचेच. हात सोन्याचा, तोंड तिखट. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, ह्ये आपलं काम न्हाई. ह्या गाडीला खाली चासी न्हाई. तळ आन् कडंचे खोके, ह्याच्यावरच सगळी उभी हाय. तळ काढला की राह्यलं काय? हवा."

"काढते मी," बाई मागून म्हणाल्या. "काढायचं मला येतं. आणि लावणारही मीच."

"बाई, तुमी जल्मभर मोडलं. लावायचं काम येगळं आसतंय."

"म्हणून तर."

मी दोघांचं ऐकलं आणि डॉक्टरांना हो म्हटलं. मला सुद्धा बघायचं होतं.

काढणं ही त्यांची कला होती, यात वाद नव्हता. मूळ कारखान्यात लागलेला एकेक जोड त्या बोटानं शोधत, त्यावर बारीक भोक पाडत आणि छिन्नीनं पत्रा सोडवत. चांगल्या भागाला ओरखडा नाही. दुपारपर्यंत डाव्या बाजूचा तळ आणि कुजलेला खोका जमिनीवर होता. बाई उठल्या, कमरेवर हात ठेवला आणि सवयीनं दाराच्या फटीत कंगवा घातला. वरच्या बाजूला कंगवा शिरेना. खाली फट इतकी वाढली होती की बोट जात होतं. दार ओढलं तर उघडेना.

गाडी मधोमध खचली होती.

चूक साधी होती आणि ती त्यांनीच करावी अशी होती. रस्त्याकडेच्या कुठल्याही मिस्त्रीनं आधी पोटाखाली टेकू दिला असता. पण कंपनीत सांगाडा पोलादी चौकटीत सगळीकडून आवळलेला असतो. तिथं त्याचे सगळे जोड तोडा, तो जागचा हलत नाही. एकोणीस वर्षांत तो कशावर उभा आहे हे बघायची वेळच बाईंवर आली नव्हती. इथं गाडी पुढे दोन आणि मागे दोन स्टँडवर होती, मध्ये काही नाही. टोकणारे दत्ताभाऊ त्या दिवशी भाच्याच्या साखरपुड्याला गेलेले. मी होते, पण मला तेवढं कळत नव्हतं.

 बाईंनी टेबलावरून लाल टॅग घेतला, पेननं लिहिलं आणि दाराच्या मुठीला बांधला. दोष: बॉडी खचली. कशामुळे: टेकू न देता कापली. कुणामुळे: शकुंतला ओव्हाळ. अक्षर मोठं आणि स्वच्छ. मग हात धुऊन त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि त्याच तिन्ही ओळी जशाच्या तशा वाचून दाखवल्या. 

"दुरुस्त होईल का?" डॉक्टरांनी विचारलं.

"माहीत नाही. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊ आले, टॅगपुढे उभे राहिले आणि शेवटपर्यंत वाचला. मला वाटलं, आता आठवडाभर बाईंची सुटका नाही.

"नाव मराठीत लिवलं, बरं केलं," ते म्हणाले. "इंग्रजीत आसतं तर मला कळलं नसतं कुनी केलं."

"तुमच्यासाठीच मराठीत लिहिलं," बाई म्हणाल्या. "आता सांगा, उचलायची कशी?"

दत्ताभाऊंनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. गाडीच्या पोटाखाली लाकडी फळी आडवी टाकली, तिच्याखाली दोन जॅक लावले. दत्ताभाऊ दांडा पाव फेरा फिरवत आणि थांबत. बाई फटीत कंगवा घालून बघत. "अजून." पाव फेरा. "अजून." पाव फेरा. सकाळी सुरू केलेलं ते काम चहा दोनदा थंड होईपर्यंत चाललं. शेवटी कंगवा दाराच्या तिन्ही बाजूंनी फिरून बाहेर आला. त्या स्थितीत दोघांनी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइप तिरके आवळून टाकले, म्हणजे आता खालचं सगळं काढलं तरी वरचं हलणार नाही. उजव्या बाजूला तेच, पण डावा तळ लागल्याशिवाय उजव्याला हात लावायचा नाही असं ठरलं.

मी म्हणाले, "झालं की. टॅग काढा आता."

"उचलली फक्त. बरी कुठं झाली," बाई म्हणाल्या. टॅग मुठीवर तसाच राहिला.

नवा तळ दत्ताभाऊंनी पत्र्यातून कापला. नुसता सपाट पत्रा डब्यासारखा वाजतो, म्हणून लाकडाच्या साच्यावर ठोकून त्यात लांब उठाव काढले. मग जोडायची पाळी आली आणि बाईंनी वेल्डिंगची गन हातात घेतली. दत्ताभाऊंनी शिकवलं: वरच्या पत्र्याला भोक, खालच्याला गन टेकवायची, भोक तळापासून भरत आणायचं. बाई आधी भंगारातल्या पट्ट्यांवर करायच्या. दोन पट्ट्या जोडायच्या, थंड होऊ द्यायच्या, छिन्नीनं तोडायच्या. पहिला आठवडाभर एकही जोड टिकला नाही. सुटलेली पट्टी त्या डोळ्यांजवळ धरून बघत आणि कोपऱ्यात फेकत. कोपऱ्यात चांगला ढीग झाला.

एका दुपारी छिन्नी घातली तेव्हा पत्रा फुगला, फाटायला आला, आणि जोड तसाच राहिला. बाईंनी ती पट्टी दत्ताभाऊंसमोर ठेवली. दत्ताभाऊंनी ती पकडीत आवळून स्वतः पिळली. जोडाच्या भोवतीनं पत्रा फाटला, जोड नाही.

"हं," दत्ताभाऊ म्हणाले. ते त्यांचं प्रशस्तिपत्रक.

गाडीवर बाई इतक्या सावकाश काम करू लागल्या की मलाच घाम फुटला. एक जोड इथं लावायचा, पुढचा पार दुसऱ्या टोकाला, कारण एकाच जागी तापवलं की पत्रा वाकतो. आणि मधे पालथा हात पत्र्यावर ठेवून थांबायचं. हात सहज ठेवता आला तरच पुढचा जोड.

"बाई, गाडी करताय का बाळ निजवताय?" दत्ताभाऊ विचारत.

"निजलं की सांगते."

नवरात्र बसलं तेव्हा उजवी बाजू अर्धी बाकी होती. डॉक्टर एक दिवसाआड फोन करून काहीच विचारत नसत. राजगुरुनगरला ऊन आहे की ढग आहेत ते सांगत आणि ठेवून देत. बाईंनी मला आधीच बजावलं होतं, "दसऱ्याला मी नाही. देहूरोडला विहारात जायचंय. काय व्हायचं ते खंडेनवमीला होऊ दे."

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात कामं बंद असतात. हत्यारं, मशिनं धुऊन-पुसून पूजेला मांडतात आणि एकदा हळद-कुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी त्यांना हलवत नाही. आदल्या संध्याकाळी सीटा बसल्या होत्या. सकाळी शेडमध्ये टेबलावर ग्राइंडर, पकडी, हातोड्या, दत्ताभाऊंची गन, सगळ्यांवर झेंडू.

"बाई, तुमची छिन्नी?" दत्ताभाऊंनी विचारलं.

"आमच्यात पूजा नसते, दत्ताभाऊ. रोज पुसते, तेवढंच."

"ठेवा म्हनत न्हाई. इचारलं आपलं."

"आणि आज तिला काम आहे."

डॉक्टर अकराला आले, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि लाल टॅग वाचला. बाईंनी पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली आणि पुढचे गालिचे उचलले. खाली नवा तळ, करडा रंग लावलेला, जोडांच्या रांगा सरळ.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही काठीनं दाखवा कुठं मारू. मी निवडलं तर चांगलेच निवडेन."

"अहो, टाके घातल्यावर ते ओढून बघण्यासारखं आहे हे," डॉक्टर म्हणाले.

"बघायला नको?"

"रंग उडंल, बाई," दत्ताभाऊ पुटपुटले.

"उडू दे. रंग परत लावता येतो. एक जरी सुटला, डॉक्टरसाहेब, तरी त्या माणसाला ट्रक घेऊन येऊ द्या. मी तुम्हाला यात बसवणार नाही."

डॉक्टरांनी काठीनं कडेचा एक जोड दाखवला. छिन्नी गेली, टोला पडला, पत्रा जरासा फुगला, जोड राहिला. बाईंनी फुगवटा ठोकून परत बसवला. दुसरा. तिसरा. शेड इतकी शांत होती की बाहेरच्या रस्त्यावरचा कंटेनर गिअर बदलताना ऐकू आला. चौथा राहिला. पाचव्या वेळी डॉक्टरांची काठी जरा फिरली आणि डावीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या टाचेखाली, अगदी कोपऱ्यात थांबली. दत्ताभाऊंनी मान वर करून छपराकडे बघायला सुरुवात केली. मला ते कळलं. गाडीवर बाईंनी लावलेला पहिला जोड तो होता.

बाईंनाही कळलं होतं. त्यांनी छिन्नी घातली, एक टोला दिला. मग दुसरा, जास्त जोरात. मग छिन्नी बाहेर काढून उजेडात धरली. तिची धार वळली होती.

जोड जागच्या जागी होता.

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदा," बाई छिन्नीकडे बघत म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, पण त्या दोन क्षण उठल्या नाहीत.

डॉक्टरांनी काठी खाली घेतली. "पुरे. आता मला बसू द्या."

त्याआधी बाईंनी कंगवा दाराभोवती फिरवला. दोन्ही दारं, सगळ्या बाजू. मग डावं दार एका बोटानं ढकललं. खट्. तेवढाच आवाज. दत्ताभाऊ पुढे आले, त्यांनी ते उघडलं आणि स्वतः एका बोटानं ढकलून बघितलं. मग पुन्हा. मग मी. अर्धा तास आम्ही चार माणसं एक दार उघडत आणि लावत होतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

"आता तरी तो टॅग काढा, बाई," दत्ताभाऊ म्हणाले. "पूजेच्या दिवशी बरा दिसत न्हाई."

"अजून चालली कुठं?"

डॉक्टर स्टिअरिंगपाशी बसले. बाई शेजारी, डाव्या दारापाशी बसल्या, पदर खोचून, पिशवी मांडीवर घेऊन. फाट्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं.

त्या दिवाळीनंतर ओव्हाळबाईंनी तळवड्यात स्वतःची शेड घेतली. जुन्या गाड्यांचे तळ करतात, नंबर लावावा लागतो. जाताना दत्ताभाऊंना बरोबर घेऊन गेल्या. तसा वेल्डर मला परत मिळाला नाही आणि तो राग मी अजून सोडलेला नाही. माझ्या पेट्यांवर मात्र आजही माल चढवण्याआधी तीन जोड तोडले जातात.

शेडपासून फाट्यापर्यंत रस्ता सरळ आहे. त्या खंडेनवमीला मी आणि दत्ताभाऊ शेडच्या दारात उभे राहून बघत होतो. गाडी निघाली तेव्हा दोन डोकी दिसत होती. वाटेतल्या वजनकाट्याच्या पुढे गेली आणि एकच राहिलं. शेजारची सीट रिकामी.

"बाई पडल्या का काय," दत्ताभाऊ दोन पावलं पुढे धावले आणि थांबले. मग हसायला लागले. "कान लावलाय. तळाला कान लावून बसल्यात."

तसंच होतं ते. एवढी गाडी कित्येक वर्षांनी रस्त्यावर आलेली, रस्त्यावरची माणसं थांबून बघतायत, पुढच्या टेम्पोतला माणूस मोबाईल काढतोय, आणि बाई दुमडून खाली, आपल्या जोडांचं ऐकत. फाट्याजवळच्या गतिरोधकावर गाडी उचलली आणि आपटली. लाल टॅग मुठीवर फडफडला.

गतिरोधकाच्या पलीकडे डोकं वर आलं. डॉक्टर गाडी वळवून परत आमच्याकडे तोंड करत होते तेव्हा दारावरून एक हात बाहेर आला, मुठीपाशी गेला, तारेला दोन पीळ उलटे दिले आणि टॅग काढून घेतला.